नाही आधी

गोठिवलीत पहिली डिश मी बसवली,
विहिरीच्या तोंडाएवढी.
तिच्यात कावळ्यांनी घरटं केलं तेव्हा
अख्ख्या आळीला तीन दिवस बातम्यांत मुंग्या दिसल्या.

मग फायबर आली.
वायरी शेवग्यावरून नेल्या, नारळावरून नेल्या,
केण्यांच्या संडासावरून नेल्या, वर्षभर फुकट जोडणी या बोलीवर.
माझ्या चॅनलवर खालून एक पट्टी सरकायची:
बारसं. साखरपुडा. उद्या पाणी येणार नाही.
हरवली आहे तपकिरी शेळी, उजवा कान कापलेला.
शेळी सापडायची.
पट्टी खरी असायची, कारण खोटी लिहिली
तर महिनाअखेर वसुलीला त्याच दारात जायचं होतं मला.

आता रस्त्यापलीकडे, रसायनांच्या कारखान्याच्या जागी,
खिडक्या नसलेली इमारत आहे.
तिच्यात म्हणे जगाचं सगळं ठेवलंय, थंड करून,
मासळीसारखं.
भाचा तिथे गेटवर बसतो. आत काय असतं रे?
म्हणाला, पंखे.

त्या मंगळवारी मढव्यांचा दक्ष सापडेना.
साडेसातला ग्रुपवर आलं: पोरं पळवणारे आलेत.
आठला त्यांना गाडी मिळाली, पांढरी.
सव्वाआठला गाडीला नंबर,
आणि नाक्यावर शिवपूजन भंगारवाल्याचा तराजू मोडला.
तो स्वतः गिरणीत लपला, पिठाच्या पोत्यांमागे.

नऊला चौकीतून फोन. केबलवाले, नेट बंद करा.
कागद?
कागद येईल.
वीस वर्षं चालू ठेवायला खांबांवर चढलो,
बंद करायला एक बटण होतं.
करंगळी पुरली.

माणसं घराबाहेर आली, हातात उजेड धरून,
एकमेकांना जरा अनोळखी.
नेट गेलं का?
गेलं नाही. घालवलंय.
कागद अजून यायचाय.

पावणेअकराला दक्ष मिळाला, गच्चीवर, टाकीमागे,
छातीवर आईचा मोबाईल, बॅटरी संपलेली,
आणि तो गाढ झोपलेला.
आता हे सांगायचं कसं? ग्रुप मीच मारलेला.
गावदेवीच्या देवळाजवळ फळा आहे, खडू पुजाऱ्याकडे.
मोठ्या अक्षरात लिहिलं. फळा अरुंद, ओळ मोडली:

मढव्यांचा मुलगा पळवला
नाही. घरी आहे.

पहाटे सहाला नेट सोडलं.
सातपर्यंत फळ्याचा फोटो दिव्यात होता, नऊला भिवंडीत,
वरची ओळ तेवढी. खालची कापलेली.
सोबत मजकूर: आता तर गावानेच लिहिलंय, हाताने.
हाताने लिहिलेलं म्हणून लोकांनी मानलं.
पारसिकच्या पलीकडे दोन फेरीवाल्यांना
माझ्या अक्षराने थांबवलं.
पुढचं मला पोलिसांनी सांगितलं,
मी इथे सांगणार नाही.

शुक्रवारी सायबरच्या ढेंगळे मॅडम आल्या.
दोन बोटांनी फोटो मोठा केला. अक्षर तुमचं?
अक्षर माझं. कात्री माझी नाही.
मग ‘नाही’ कुठे आहे, दाखवा.
देवळाकडे गेलो. फळा पुसलेला,
तिथे संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ.
जबाबात त्यांनी लिहिलं: ‘नाही’ आढळून आले नाही.

तेव्हापासून फळा माझ्याकडे आहे.
मी नाही आधी लिहितो.
नाही येणार पाणी उद्या.
नाही उघडा दवाखाना रविवारी.
काल शाळेच्या गोंधळेकर बाई थांबल्या.
वाक्यरचना चुकली, केबलवाले.
मी सगळं सांगितलं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली,
चष्मा काढला, पुसला.
अहो, मग ते पुढून कापतील.

याचा मी विचार केला नव्हता.
खडू खिशात ठेवला.
खिसा अजून पांढरा आहे.